खोली नंबर तीनमधल्या चार कोंबड्या

"बाबा, आम्ही कोंबड्या पाळायच्या म्हणतोय," कश्मिरा फोनच्या पडद्यावरून म्हणाली, आणि सदानंद खांबेट्यांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मागच्या अंगणात."

"तुझ्या अंगणात हिवाळ्यात उणे तीस असतं."

"हो, पण इकडे पुष्कळ लोक पाळतात, बाबा. गावात कोंबडीवाल्यांचा ग्रुपच आहे."

"ते सगळे इंजिनिअर आहेत का?"

कश्मिरा लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, म्हणजे गौरवबरोबर, कॅनडात विनिपेगच्या बाहेरच्या एका लहानशा गावात राहायला गेली होती. तिचे आईवडील मात्र बहरीनमध्येच, अदलियातल्या एका बैठ्या घरात होते. खांबेटे तिथे एकतीस वर्षं शीतगृहं उभारत होते. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत उणे वीस, हा त्यांचा रोजचा धंदा. थंडी आत कोंडून ठेवण्यात सगळी हयात गेली. आता प्रश्न थंडी बाहेर ठेवण्याचा होता. गणित तेच होतं, फक्त ड्रॉइंगमधले उष्णतेचे बाण उलटे काढायचे होते.

शिवाय त्यांच्याकडे वेळ होता. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी ऑगस्टपासूनच ताहिर नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. ताहिर हुशार होता आणि अतोनात नम्र होता. खांबेट्यांनी फाइलकडे हात नेला की तो अर्ध्यातून उठायचा आणि म्हणायचा, "सर, आप बैठिए ना." मग खांबेटे बसायचे. दोन महिने ते नुसते बसून होते. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, त्यामुळे त्यांच्या पत्नीला, निवेदिताबाईंना, गेले दोन आठवडे हिंग सापडत नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी आलेखाचा कागद काढला, आणि निवेदिताबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून डबे पुन्हा आपल्या पद्धतीने लावले.

तीन आठवड्यांत चौदा पानांचं खुराडं तयार झालं. भिंतीची जाडी, हीटरची ताकद, चार कोंबड्यांच्या अंगातून निघणारी उष्णता, सगळं इंग्रजीत, नीट टाइप करून. पान नऊवर लाल चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की खुराड्यातून हवा कुठूनही आत किंवा बाहेर जाता कामा नये. या कामासाठी माहिती लागायची, म्हणून खांबेटे रोज मुलीला फोन करू लागले. अंगणात वारा कुठल्या बाजूने येतो? बर्फ किती साचतो? कोंबडी रात्री उभी राहते की बसते?

"बाबा, इथे एक डोरीन आजी आहेत," एकदा कश्मिरा म्हणाली. "त्या म्हणतात, हीटर वगैरे काही नको. खुराडं कोरडं हवं आणि वरून हवा खेळती हवी."

"आजींनी कॅल्क्युलेशन केलंय का?"

"चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्यात."

"म्हणजे नाही केलेलं," खांबेटे म्हणाले आणि त्यांनी तेराव्या पानावर एक तळटीप वाढवली.

चौदा पानं त्यांनी कश्मिराला बघायला पाठवली, पण चाचणी झाल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही ड्रॉइंगवर सही केली नव्हती. जुन्या कामातून उरलेली पफ पॅनेलं, म्हणजे शीतगृहाच्या भिंतींचे फोम भरलेले पत्रे, त्यांच्याकडे पडून होती. त्यांतून त्यांनी अंगणात खऱ्या मापाची पांढरीशुभ्र पेटी उभी केली. तिला काचेची लहान खिडकी बसवली आणि दाराला फ्रीजसारखी रबरी पट्टी. दार लावलं की 'थप्प' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकण्यासाठी ते दार उगीचच दोनतीनदा लावायचे.

आता कोंबड्या हव्या होत्या. त्या आणायला ते बुदैयाच्या बाजूच्या एका मळ्यावर गेले. मळेवाल्या म्हाताऱ्याने चार कोंबड्या पायांना धरून उचलल्या आणि दुसऱ्या हाताने सुरी घेतली.

"मफी, मफी!" नको, नको, असं खांबेटे अरबीत ओरडले. "नो कट! जिंदा!"

म्हाताऱ्याला आश्चर्य वाटलं. जिवंत कशाला, असं त्याने विचारलं. खांबेट्यांचं अरबी कामापुरतं होतं. त्यांनी कोंबड्यांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या दंडांवर हात चोळून कुडकुडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बर्द. बहोत बर्द. फ्रीजर."

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. परदेशी माणसाला काही गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, अशा सुरात तो अर्ध्या हिंदीत म्हणाला, "सदीक, दोस्त, फ्रीजर में रखना है तो पहले काटना पड़ता है."

घरी निवेदिताबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. "अहो, हे काय आणलंत?"

"टेस्ट सँपल."

"सँपल माझ्याकडे बघतंय."

दुसऱ्या दिवशी कळलं की कोंबड्यांना थंडीची सवय हळूहळू लावावी लागते. नोव्हेंबरातही बहरीनमध्ये दुपारी तीस अंश असतात. म्हणून पाहुण्यांच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून एसी सोळावर लावला गेला. त्या खोलीतच निवेदिताबाईंचं शिवणयंत्र होतं. त्यांनी पुढचे पंधरा दिवस बहरीनमध्ये स्वेटर घालून ब्लाउजं शिवली. तक्रार केली नाही, पण अंडी मात्र आपल्या ताब्यात घेतली आणि शेजारच्या केरळी कुटुंबाला देऊ लागल्या.

राहिली खरी थंडी. ती नजीबकडे होती.

नजीब मूळचा दाभोळचा. सलमाबादच्या औद्योगिक भागात त्याचं गोठवलेल्या मालाचं गोदाम होतं. मासे, मटार, पराठे आणि ब्राझीलची कोंबडी. गोदामाच्या तिन्ही थंड खोल्या खांबेट्यांनीच बांधल्या होत्या. पंचवीस वर्षांत मशीन कधीही बंद पडलं तरी खांबेटे धावत गेले होते, सणवार बघितला नव्हता. त्यामुळे नजीब त्यांना नाही म्हणू शकत नसे, आणि खांबेट्यांनी आजवर काही मागितलंही नव्हतं.

"खोली नंबर तीन रिकामी आहे ना?"

"दाराची पट्टी बदलायची म्हणून रिकामी केली. का?"

खांबेट्यांनी सांगितलं. नजीबने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग चहा मागवला.

"सदाभाऊ," चहा आल्यावर तो म्हणाला, "माझ्या गोदामात कोंबडी येते ती पिशवीत येते. मुंडी नसते तिला."

"फक्त एक तास. शुक्रवारी दुपारी. तुझी माणसं सुट्टीवर असतात."

"आणि त्या मेल्या म्हंजे?"

"मी आत त्यांच्याबरोबर बसणार आहे. मला सोसलं नाही तर त्यांनाही सोसणार नाही, तेव्हा लगेच बाहेर काढीन."

नजीबने त्यांच्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा काही मागत होता. "एकच तास," तो म्हणाला. "इंशाल्ला कोणी येणार नाय."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर पिकअपमधून पेटी सलमाबादला आली. खोली नंबर तीनमध्ये उणे वीस होते. खांबेटे जाड जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे घालून स्टुलावर बसले. चार कोंबड्या पेटीत गेल्या. 'थप्प' असा आवाज झाला.

"तासाभरात मी बाहेर आलो नाही तर दार उघड," त्यांनी नजीबला सांगितलं. "तोवर उघडू नकोस. रीडिंग बिघडेल."

पहिली वीस मिनिटं फार छान गेली. पेटीत अधिक बारा अंश होते. खांबेट्यांनी आकडे लिहून घेतले. मग खिडकीची काच आतून धुरकट झाली. मग तिच्यावर पाण्याचे ओघळ आले. चाळिसाव्या मिनिटाला काचेवर बर्फाची जाळी धरली आणि काही दिसेना. आत चार कोंबड्या श्वास घेत होत्या आणि श्वासातल्या वाफेला जायला जागाच नव्हती. खांबेट्यांनी दार किलकिलं करून हात घातला. भिंती ओल्या होत्या, भुसा ओला होता, कोंबड्यांचे तुरे ओले होते. बाहेरची थंडी त्यांना शिवलीही नव्हती. त्या आपल्याच श्वासाने भिजल्या होत्या, आणि अशा ओल्या तुऱ्यावर कडाक्याची थंडी बसली की तो गोठणार हे सांगायला चौदा पानं लागत नव्हती.

खांबेटे स्टुलावर बसून राहिले. एकतीस वर्षांत त्यांची खोली कधी चुकली नव्हती. पण त्या खोल्यांमध्ये ठेवलेलं काहीही श्वास घेत नव्हतं, हे त्यांच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

त्याच सुमारास गोदामाच्या पुढच्या दाराशी एक गाडी थांबली आणि रंजितामॅडम उतरल्या. नजीबचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे एक केटरिंग कंपनी. तिच्या त्या नवीन क्वालिटी ऑफिसर होत्या. वर्षाची ऑर्डर द्यायच्या आधी न कळवता तपासणी करायची, अशी त्यांची पद्धत होती.

नजीबने त्यांना हिंदीत या बसा केलं, खोली एक दाखवली, खोली दोन दाखवली, आणि ऑफिसात आणून चहा दिला. रजिस्टरं दाखवता दाखवता त्याची नजर घड्याळाकडे जात होती. तास संपायला चार मिनिटं होती.

"आपको कहीं जाना है?"

"नहीं मॅडम, बिलकुल नहीं."

तेवढ्यात खोली नंबर तीनकडून आवाज आला. पक्, पक्, पक्, पकाऽऽक!

रंजितामॅडमनी पेन थांबवलं. "ये क्या है?"

"कंप्रेसर."

पुन्हा आवाज आला, जास्त मोठा आणि विजयी.

"आपका कंप्रेसर अंडा देता है?"

"पुराना है, मॅडम," नजीब म्हणाला आणि उठला. तास भरला होता. दार न उघडावं तर आत साठीला आलेला मित्र होता, आणि उघडावं तर मागे वर्षाची ऑर्डर बसली होती. त्याने जाऊन दार चार बोटं उघडलं आणि फटीत तोंड घालून मराठीत कुजबुज सुरू केली.

"सदाभाऊ, बाहेर येऊ नका! तपासणीवाली बाई आलीय!"

"नजीब, माझं चुकलं रे," आतून आवाज आला.

"ते मागाहून बोलू! कोंबड्या खोक्यात घाला!"

"तिला कळेल."

"केरळची दिसते, आपलं बोलणं समजायचं नाय. खोकं घ्या आणि मागच्या दाराने निघा!"

"मागचं दार नाहीये खोलीला."

"मागचं दार नाही, हासुद्धा एक मुद्दा झाला," नजीबच्या खांद्यामागून स्पष्ट मराठीत आवाज आला. "लिहून घेते. मी वर्ध्याची आहे."

नजीबच्या हातून दार सुटलं आणि पूर्ण उघडलं. पांढऱ्या वाफेच्या लोटातून खांबेटे बाहेर आले. भुवयांवर आणि मिशीवर दव गोठलं होतं. जॅकेटची चेन अर्धी उघडी होती आणि गळ्यातून एका कोंबडीचं डोकं बाहेर आलं होतं. त्यांच्या पायांमधून उरलेल्या तिघी रांगेने चालत आल्या आणि मटारच्या खोक्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, दार तेवढं लोटता का?" खांबेटे सवयीने म्हणाले. "थंडी वाया जातेय."

रंजितामॅडमनी दार लोटलं. मग आपला फॉर्म काढला. त्यात उपद्रवी प्राण्यांचा एक तक्ता होता. उंदीर, झुरळं, माश्या, पक्षी. त्यांनी पक्ष्यांपुढे खूण केली.

"जिवंत की मृत?"

"जिवंत," नजीब खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

"संख्या?"

"चार."

"आत कुठून आले?"

"दारातून."

"मी आणले," खांबेटे म्हणाले. "यांचा काही दोष नाही. हे नको म्हणत होते. तिथे माझं नाव लिहा."

बाईंनी नाव लिहिलं. खोली दोनदा धुवून तिची तपासणी करायची, आणि तोवर ऑर्डर थांबवायची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. "आणि या चारही कोंबड्या मला पुढच्या आठवड्यात जिवंत दाखवायच्या. तुमच्याकडे दोन हजार कोंबड्यांचा माल आहे. या चार त्यांत गेल्या नाहीत, हे बघितल्याशिवाय माझा फॉर्म बंद होत नाही."

त्या गेल्यावर दोघं रिकाम्या खोक्यांवर बसले. नजीब ओरडला असता तर खांबेट्यांना बरं वाटलं असतं.

"सदाभाऊ," कोंबड्यांकडे बघत तो म्हणाला, "या गोदामात आलेली आणि पायाने चालत बाहेर गेलेली ही पहिली कोंबडी."

पुढचे चार दिवस खांबेट्यांनी रजा काढून स्वतः खोली धुतली. ताहिर मदतीला आला आणि "सर, आप बैठिए ना" म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात ब्रश दिला. बुधवारी रंजितामॅडम अदलियाला आल्या. अंगणात तीनच कोंबड्या होत्या. सोबत आलेल्या नजीबचा चेहरा बघवेना. निवेदिताबाईंनी सगळ्यांना खाली बसवून चहा-पोहे दिले, आणि वीस मिनिटांनी चौथी कोंबडी पाण्याच्या टाकीमागून आपलं काम उरकून बाहेर आली. बाईंनी चार आकडा लिहिला, सही केली, खोलीचा अहवाल चांगला आला आहे, रविवारपासून माल पाठवा, म्हणाल्या. जाताना त्यांनी दोन अंडी घेतली. नजीब गेटपर्यंत सरळ चालत गेला आणि मग गाडीत बसून पाच मिनिटं नुसताच बसून राहिला.

राहिलं होतं ते अवघड काम शनिवारी संध्याकाळी खांबेट्यांनी केलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते.

"कश्मिरा, माझं खुराडं चुकलंय," त्यांनी फोन लागल्या लागल्या सांगून टाकलं. "डोरीन आजींचं बरोबर आहे. हीटर नको, वर भोकं हवीत. ते चौदा पानांचं विसरून जा. मी माफी मागतो त्यांची." मग त्यांनी सलमाबादची सगळी हकिगत सांगितली.

कश्मिरा हसली नाही. तिने गौरवकडे बघितलं, गौरवने छताकडे.

"बाबा, एक सांगायचं होतं. डोंट बी मॅड. आमच्याकडे सप्टेंबरपासूनच कोंबड्या आहेत. सहा."

खांबेट्यांनी फोन जवळ ओढला. "तू तर म्हणालीस, पाळायच्या म्हणतोय."

"तेव्हा आणून झाल्या होत्या. मी हळूहळू सांगणार होते. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी वाऱ्याची दिशा विचारायला फोन केलात. मग रोज करायला लागलात. बाबा, त्याआधी तुमचा शेवटचा फोन माझ्या वाढदिवसाला आला होता." तिने नजर खाली वळवली. "मग सांगावंसंच वाटेना."

निवेदिताबाई मागे उभ्या होत्या, त्या उगीचच ओटा पुसायला आत गेल्या.

"दाखव तरी," खांबेटे म्हणाले.

कश्मिरा बूट घालून फोन घेऊन बाहेर गेली. बर्फात एक साधं लाकडी खुराडं होतं. तिने फोन खिडकीपाशी धरला आणि खांबेटे खुर्चीतून उठले. काचेवर आतून बर्फाची जाळी होती.

"भोकं कुठायत? आजींनी सांगितलेली भोकं?"

"होती की वर. गौरवनी आठवड्यापूर्वी बंद केली. फोम भरून, मस्त."

"का?"

"का म्हणजे? पान नऊ!" गौरव अभिमानाने म्हणाला. "नो एअर लीकेज. तुम्ही लाल चौकटीत लिहिलंय, बाबा. एका कोंबडीच्या तुऱ्याचं टोक जरा काळं पडलंय, पण बाकी एकदम एअरटाइट!"

"उघड!" खांबेटे इतक्या मोठ्याने ओरडले की अंगणातल्या त्यांच्या चौघी पाण्याच्या टाकीमागे पळाल्या. "आत्ता उघड! सगळा फोम काढ!"

गौरव स्क्रूड्रायव्हर घेऊन शिडीवर चढला. खांबेटे बहरीनमधून "डावीकडे, अजून, कोपऱ्यात राहिलाय" असं सांगत राहिले. अर्ध्या तासाने खिडकी वितळू लागली. तुरा काळा पडलेल्या कोंबडीला आत घेऊन व्हॅसलिन लावण्यात आलं.

सगळे जरा टेकले तेव्हा खांबेट्यांच्या मनात एक भयंकर विचार आला.

"कश्मिरा, ते चौदा पानांचं अजून कोणाला दिलं नाहीस ना?"

कश्मिराने परत गौरवकडे बघितलं.

"ग्रुपवर टाकलं होतं," ती म्हणाली. "इतकं सुंदर केलं होतं तुम्ही. मला दाखवायचं होतं सगळ्यांना."

"ग्रुपवर किती घरं आहेत?"

"अडतीस."

खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे बर्फातली अडतीस खुराडी आली, अडतीस ओल्या खिडक्या, दोनतीनशे काळे तुरे. त्यांनी कश्मिराला आपला नंबर त्या ग्रुपमध्ये घालायला सांगितलं आणि इंग्रजीत लिहिलं की पान नऊ पूर्ण चुकीचं आहे, कृपया सर्वांनी भोकं ताबडतोब उघडावीत, चूक माझी आहे, मनापासून क्षमस्व. खाली नाव, हुद्दा आणि बहरीन असं लिहिलं.

उत्तरं यायला लागली. पहिलं डोरीन आजींचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की काळजी नसावी, आम्ही कोणीच भोकं बंद केली नव्हती. ड्रॉइंग फार देखणी होती, पण आम्हाला वाटलं की गरम देशातली काही पद्धत असेल. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की आम्हीसुद्धा नाही. मग तिसऱ्याने. एकाने पान सहाची प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावल्याचा फोटो पाठवला.

खांबेट्यांनी सगळे निरोप वाचले, चष्मा काढला आणि फोन पालथा ठेवला.

"काय झालं?" निवेदिताबाईंनी बाहेर येऊन विचारलं.

"अडतीसपैकी एकानेही ऐकलं नाही."

"म्हणजे भोकं बुजवली ती फक्त आपल्या पोरीने."

"हं."

"बाबा म्हणाले म्हणून."

खांबेट्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी उठून गाडीची किल्ली घेतली.

"नजीबनेही ऐकलं होतं," ते म्हणाले. "मी जरा सलमाबादला जाऊन येतो. त्या तीन नंबरच्या दाराची पट्टी बदलायची राहिलीये."